बाईंचं म्हणू का आमचं?

पाथर्डीपासून अकरा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत आमची बोरमाळ वस्ती आहे. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, पुढं पत्र्याचा व्हरांडा, आणि शिक्षक दोनच. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी सत्यशीला दहातोंडे बाईंकडे. मला इथं सगळे अंगद सर म्हणतात. आता जे सांगतोय ते बाईंच्या वर्गात घडलं, आणि माझ्या न् त्यांच्या वर्गात एकाच विटेची भिंत आहे. बाईंनी रागावलेलं मला ऐकू यायचं, पोरांनी म्हटलेल्या कविता ऐकू यायच्या. तरीही दीड वर्ष मला काही कळलं नाही.  

बाई मूळच्या नेवाशाकडच्या. वय बावन्न. त्यांचे मालक काकासाहेब यांची पाथर्डीत पिठाची गिरणी आहे. पुढं गिरणी, मागं घर. लग्न होऊन आल्यापासून बाई रोज सकाळी शाळेला निघेपर्यंत आणि संध्याकाळी परत गेल्यावर गिरणीवर उभ्या राहायच्या. दळणाचे डबे उतरवून घ्यायच्या, मिरची कांडायचा डंक चालू असला तर तोंडाला फडकं बांधून तिथंच थांबायच्या. शाळेत आल्या की त्यांच्या पदराच्या काठाला ज्वारीचं पीठ लागलेलं असायचं. आवाज खणखणीत. वस्तीच्या टोकाला असलेल्या हापशावरच्या बायकांना बाईंनी आज कोणता पाढा घेतला ते कळायचं. आडनाव दहातोंडे आणि आवाजही दहा तोंडांचा, अशी चेष्टा आमच्या केंद्रातल्या, आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक करायचे. बाई हसायच्या. माझ्याशी त्या फोनवर बोलायच्या तेव्हा मी मोबाईल कानापासून वीतभर लांब धरायचो.

दोन वर्षांपूर्वी नगरला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. लहान मुलांना इंग्रजी स्पेलिंग पाठ करायला न लावता आवाजावरून कसं शिकवायचं, असा विषय होता. मीही होतो. बाई कुरकुरत आल्या. सव्वीस वर्षं त्यांनी ‘एस यू एन सन, सन म्हणजे सूर्य’ असं तालावर घोकून घेतलं होतं आणि त्या तालावर पोरं पास होत आली होती. तिसऱ्या दिवशी तिथल्या मार्गदर्शकांनी त्यांनाच उभं केलं.

“बाई, एस, यू, एन ही तीन नावं भरभर म्हणा. ‘सन’ होतंय का बघा.”

बाईंनी म्हणून पाहिलं. “एस्-यू-एन्. एस्यूएन.” मग पुन्हा एकदा म्हणाल्या. सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. संध्याकाळी गाडीत मला म्हणाल्या, “अंगद सर, मी सव्वीस वर्षं पोरांना अक्षरांची नावं पाठ करायला लावली हो. नावं जोडून शब्द होत नसतो. आवाज जोडून होतो. हे मला कुणी सांगितलं कसं नाही?”

मग त्या हात धुऊन त्याच्या मागं लागल्या. वस्तीवरच्या घराघरातून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, त्यांचे चौकोन कापले, मागच्या कोऱ्या बाजूला काळ्या रंगानं एकेक अक्षर काढलं. पुढं गणपती, मागं अक्षर. एस म्हणायचं नाही, ‘स्स्’ म्हणायचं. टी म्हणायचं नाही, नुसतं ‘ट्’. एका आवाजाला एक बोट उघडायचं. तीन आवाज झाले की तीन बोटं. मग मूठ आवळायची आणि तोंडातून अख्खा शब्द काढायचा. सहा-सात वर्षांची पोरं बोटं उघडत आणि मुठी आवळत ‘सॅट’, ‘पिन’, ‘सन’ वाचायला लागली. ज्यांच्या घरात इंग्रजीचं अक्षर कुणाला लागत नव्हतं, त्यांची पोरं शाम्पूच्या पुडीवरचं वाचून दाखवू लागली. आमचे केंद्रप्रमुख दुसऱ्या शाळांचे शिक्षक घेऊन बाईंचा वर्ग दाखवायला आले. वर्ग कसा एका सुरात म्हणायचा! मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं, “सऽ, ॲ, टऽ. सॅट!”

त्या वर्गात राजनंदिनी होती. तिचे आईवडील, सविता आणि मच्छिंद्र, ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळीबरोबर राहुरीकडं, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. ती पहिलीत असताना बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या होत्या. ‘हिला आजीजवळ ठेवून जा, ही पोरगी शिकणारी आहे’ असं म्हणून दारात ठाण मांडून बसल्या होत्या. आजी रंगुबाईंनी ‘राहू द्या, मी बघते’ म्हटलं आणि राजनंदिनी राहिली. पोरगी हुशार, पण खाली मान घालून बोलायची. मी काही विचारलं तर पायाच्या अंगठ्याकडं बघत उत्तर द्यायची.

दुसरीच्या वर्षी, सप्टेंबरात, एका दुपारी भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला.

“कुणाचं बघून लिहिलंस? खरं सांग!”

मी फळ्यावर भागाकार मांडत होतो. खडू थांबला माझा. राजनंदिनीचं उत्तर ऐकू आलं नाही. परत बाईच बोलल्या, “तोंडानं एक आवाज निघत नाही तुझ्या, आणि पाटीवर पाचच्या पाच बरोबर? मला काय वेडी समजतेस?”

नंतर मी खिडकीतून डोकावलं तेव्हा राजनंदिनी आपलं बसायचं बस्कर घेऊन दाराजवळ, सगळ्यांपासून लांब बसली होती. बाईंनी तिची पाटी स्वतःच्या तळव्यानं पुसली होती. बाई पोरांना मारायच्या नाहीत. पण चोरी त्यांना खपायची नाही. मला वाटलं, बाईंचं प्रकरण आहे, बाई बघतील. मी भागाकार पुढं चालू केला.

चार-पाच दिवसांनी सविताला शाळेत बोलावलं. मी व्हरांड्यात हजेरीचा मेळ लावत होतो, त्यामुळं सगळं माझ्यासमोरच झालं.

“हिचं लक्ष नाही,” बाई म्हणाल्या. “आवाज म्हणायला सांगितला की नुसतं तोंड हलवते. लिहिताना मात्र शेजारणीचं बघून सगळं बरोबर लिहिते. मी हिच्यासाठी तुमच्या दारात येऊन बसले होते, सविता. मला फार वाईट वाटलं.”

सवितानं पदर दातात धरला होता. ती म्हणाली, “आमाला तर ती घरी म्हनून दावती की, बाई.”

“घरी काय दाखवते ते मला माहीत नाही. इथं येत नाही.”

“मंग ठिवून काय उपेग? धाकट्याला सांभाळायला तरी व्हईल.”

या वेळी बाईंनी अडवलं नाही. त्यांचाही जीव दुखावला होता. दसऱ्यानंतर टोळी गेली तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्यांच्या पोत्यावर राजनंदिनी बसलेली मी पाहिली. मांडीवर धाकटा भाऊ होता. तिच्या प्रगतिपत्रकावर बाईंनी लिहिलं होतं, ‘उच्चार येत नाहीत. नक्कल करते.’

डिसेंबरात सुकन्या मॅडम आल्या. तालुक्याच्या साधनव्यक्ती, म्हणजे शाळाशाळांत फिरून शिक्षकांना मदत करणाऱ्या. वय असेल अठ्ठावीस. बाईंच्या वर्गाचा व्हिडिओ काढून तो इतर शाळांना दाखवायचा, असं वरून ठरलं होतं. बाईंनी त्या दिवशी नवी इरकल नेसली होती. पोरांना खोबरेल तेल लावून यायला सांगितलं होतं. माझ्या वर्गाला चित्रं काढायला बसवून मीही बघायला दारात उभा राहिलो.

बाईंनी गणपतीची पत्रिका उलटी केली. पोरांनी बोटं उघडली. “सऽ, ॲ, टऽ!” मुठी आवळल्या. “सॅट!”

सुकन्या मॅडमनी मोबाईल खाली केला. “बाई, एक मिनिट. मुलं ‘सऽ’ म्हणतायत. पुढं ‘अ’ लागतोय. आपल्याला नुसता ‘स्स्’ हवाय ना?”

“तेच म्हणतायत की,” बाई म्हणाल्या.

“नाही बाई. ऐका.” त्यांनी मोबाईलवर तेवढा तुकडा लावला. बाईंनी कान जवळ नेला, ऐकलं, आणि अगदी खात्रीनं म्हणाल्या, “बरोबर आहे.”

सुकन्या मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मग त्या पोरांसमोर उकिडव्या बसल्या आणि पुढच्याच ईश्वरीला पत्रिका दाखवली. “तू म्हण बरं. याचा आवाज काय?”

ईश्वरीनं आधी बाईंकडं पाहिलं, मग सुकन्या मॅडमकडं. मग अगदी सरळ विचारलं, “बाईंचं म्हनू का आमचं?”

“म्हणजे?”

“बाईंचं ‘सऽ’ हाय. आमचं ‘स्स्’ हाय. टीव्हीत हाय ना, तसलं.”

आमच्या शाळेत एक टीव्ही आहे. त्यावर पेन ड्राइव्ह लावून आम्ही आवाजांच्या फिती ऐकवायचो. पोरं त्यातून आवाज शिकली होती, तेही अगदी नेमके.

सुकन्या मॅडमचा आवाज बदलला. “मग बाईंना वेगळं का म्हणता?”

आता सगळीच बोलायला लागली. “बाईंना आमचं ऐकू येत न्हाई.” “स्स् म्हनलं की बाई म्हन्त्यात, मोठ्यानं म्हन, मोठ्यानं म्हन.” “कितीबी मोठ्यानं म्हनलं तरी न्हाई येत.” “सऽ म्हनलं का शाब्बास म्हन्त्यात.” आणि पाठीमागून एकजण म्हणाला, “राजनंदिनी आपलं स्स् स्स्च म्हनायची. मंग तिला तितं दाराजवळ बसवलं. तवा आमी समद्यांनी ठरिवलं, बाईंना बाईंचं म्हनायचं.”

त्या खोलीत तेवीस पोरं होती. त्यातल्या एकानंही हे घरी सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं. आपल्या बाईंना ऐकू येत नाही हे त्यांना कळलं होतं, त्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं, आणि पुढचे तीन महिने रोज, न चुकता, बाईंसाठी एक आवाज आणि स्वतःसाठी दुसरा, असा अभ्यास केला होता.

बाई हसत होत्या. खरंच. पोरांची कलकल चालली होती आणि त्यांना त्यातलं निम्मं कळलं नव्हतं. “काय म्हणतायत हो?” त्यांनी मला विचारलं.

मी सुकन्या मॅडमकडं पाहिलं.

सुकन्या मॅडम उठल्या. त्यांनी बाईंना खुर्चीवर बसवलं आणि एका पोराची वही घेऊन स्वतःच्या तोंडापुढं धरली. “बाई, मी आवाज म्हणते, तुम्ही कार्ड उचला.”

“म्हणा.”

वहीआडून ‘स्स्’ आला. दारात मला स्वच्छ ऐकू आला. बाई बसून राहिल्या. ‘फ्फ्’ आला. ‘ट्’. ‘प्’. परत ‘स्स्’, या वेळी लांबलचक, चाकातली हवा सुटल्यासारखा.

“म्हणा ना हो,” बाई म्हणाल्या. “वाट बघतेय मी.”

  ईश्वरीनं हळूच जाऊन बाईंच्या हातात एसची पत्रिका ठेवली आणि म्हणाली, “त्यांनी पाच म्हनले, बाई.”

बाईंच्या चेहऱ्यावर मी पुष्कळ काही पाहिलं आहे. राग, कौतुक, दमणूक. त्या वेळचा चेहरा मात्र मला वाचता आला नाही. त्यांनी पत्रिकेकडं पाहिलं, सुकन्या मॅडमच्या तोंडापुढच्या वहीकडं पाहिलं, मग दाराजवळच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. तिथं नजर गेली आणि त्यांचा हात एकदम तोंडावर गेला.

“राजनंदिनी,” एवढंच त्या म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढायचं सोडून त्या रिकाम्या वर्गात, लोखंडी कपाटाला पाठ लावून जमिनीवरच बसल्या. नव्या इरकलीची त्यांना शुद्ध नव्हती. मला विचारलं, “अंगद सर, तुम्हाला माहीत होतं?”

मी ‘नाही’ म्हणणार होतो. मग आठवायला लागलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला त्या खिचडीवाल्या छबूबाईंना सांगायच्या. पाठमोरं असताना हाक मारली तर वळायच्या नाहीत, आणि मी मनात म्हणायचो, बाईंचं वय झालं. त्यांचा फोन वाजत राहायचा आणि एखादं पोर तो उचलून त्यांच्या हातात द्यायचं. मला सगळं दिसत होतं.

“थोडं थोडं,” मी म्हणालो.

“मग बोलला का नाहीत?”



त्याच दुपारी मी माझ्या तिसरीच्या पोरांना विचारलं. मागच्या वर्षी ती बाईंकडं होती. ती म्हणाली, “व्हय सर, आमाला बी बाई मोठ्यानं मोठ्यानं म्हनायच्या.” मी म्हटलं, “मला सांगितलं का नाही?” तर म्हणाली, “तुमी इचारलंच न्हाई.”

नगरच्या डॉक्टरांकडं मीच बाईंना आणि काकासाहेबांना घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून बाईंच्या कानाला मोठे हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबायचं. कागदावर रेघ उमटली. सुरुवातीला ती बरी होती, मग उजवीकडं जाताना विहिरीत पडावी तशी खाली गेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरी किंवा कामावर मोठ्या आवाजाचं यंत्र आहे का?”

काकासाहेब चटकन म्हणाले, “आमची गिरणीय. तीस वर्षं.” आणि म्हणता म्हणताच ते थांबले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जड आवाज, स्वर, माणसाचं साधं बोलणं बाईंना बरं ऐकू येतं. बारीक, हवेचे आवाज येत नाहीत. स्स्, फ्फ्, ट्, प्, क्. समोरच्याचं तोंड दिसत असलं की त्या शब्द ओठांवरून ओळखतात, आणि आपण ओळखतोय हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. जी पोरं मान वर करून बोलायची त्यांचं बोलणं बाईंना बरंचसं ‘ऐकू’ यायचं. राजनंदिनी मान खाली घालून बोलायची. पुढं ‘अ’ जोडला की त्यात स्वर येतो, तो बाईंपर्यंत पोचतो. म्हणून ‘सऽ’ त्यांना बरोबर वाटायचा. त्या स्वतःही नकळत तसंच म्हणायला लागल्या होत्या.

“घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

काकासाहेब म्हणाले, “आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात, साहेब.” 

डिसेंबरच्या शेवटी बाईंच्या दोन्ही कानांत मशीन आलं. पहिल्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्या दचकून मागं वळल्या. दोन पोरी कुजबुजत होत्या. “एवढं बोलतात ही?” त्यांनी मला विचारलं. “रोज,” मी म्हणालो. मग वर्गात गेल्यावर त्यांनी पत्रिका उचलली आणि म्हणाल्या, “आता तुमचं म्हणा.” तेवीस तोंडांतून एकदम ‘स्स्’ निघाला. मी भिंतीपलीकडं होतो. दोन मिनिटांनी बाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही मशीनं काढून मुठीत धरली होती. म्हणाल्या, “इतका मोठा असतो हो तो. इतका मोठा आवाज ती पोरगी माझ्या तोंडावर म्हणत होती.”

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवर राहुरीला गेलो. रंगुबाईंकडून टोळीच्या मुकादमाचा नंबर घेतला होता. मुळेच्या कालव्याच्या कडेला, तोडलेल्या उसाच्या रानात टोळीच्या पंधरा-वीस कोप्या होत्या, बांबूवर ताडपत्री टाकून उभ्या केलेल्या. राजनंदिनी एका कोपीपुढं राखेनं पातेलं घासत होती. धाकटा तिच्या पाठीला लोंबकळत होता. बाईंना बघून ती उभी राहिली आणि राखेचे हात मागं लपवले. पोरगी तीन महिन्यांत उन्हानं करपली होती.

आईवडील समोरच्या फडात ट्रॅक्टरला मोळ्या भरत होते. सविता डोक्यावरची मोळी टाकून आली. तिनं पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही.

बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. कानातलं मशीन काढून दाखवलं. “तिनं बघून लिहिलं नव्हतं, सविता. तिला सगळं येत होतं. ती बरोबर म्हणत होती. मलाच ऐकू आलं नाही. मी तिला चोर ठरवलं.”

सवितानं बाईंच्या तळहातावरच्या त्या मशीनकडं पाहिलं. मच्छिंद्र तोवर जवळ आला होता. मग सविता म्हणाली, “बाई, तुमी सांगितलं त्या दिवशी मी हिला मारलं. साध्या काडीनं न्हाई, चांगल्या लाकडानं. खोटं बोलती म्हनून. ती म्हनत हुती, आई, मी म्हनते पर बाईंना येत न्हाई ऐकू. मला वाटलं, लबाड बोलती. बाई खोटं कशा बोलतील?”

बाई तिथंच उसाच्या पाचटावर बसल्या. 

जरा वेळानं बाईंनी राजनंदिनीला जवळ बोलावलं. पिशवीतून एसची पत्रिका काढली. “म्हण बाळा. याचा आवाज काय?”

राजनंदिनीनं आईकडं पाहिलं. मग ती मान वर करून, अगदी स्पष्ट, मोठ्यानं म्हणाली, “सऽ.”

 एवढ्या पोरांतली हीच एक होती जिनं हे म्हणायला नकार दिला होता.

“नाही, नाही. तुझं म्हण. तुझं होतं तेच बरोबर होतं.”

 राजनंदिनी मशीनकडं बोट करून म्हणाली, “ह्ये घातल्यावर ऐकू येतं व्हय?”

“हो.”

“मंग आदी का न्हाई घातलं?”

मच्छिंद्र तिला रागवायला लागला. बाईंनी हातानं थांबवलं. “विचारू द्या तिला,” त्या म्हणाल्या. 

आम्ही तिला घेऊन परत आलो नाही. सविता म्हणाली, “आमचं आमी ठरिवतो.” तिचा तो हक्क होता. परतीच्या वाटेवर बाई माझ्यामागं बसून काहीतरी बोलत होत्या. वाऱ्यामुळं मला ऐकू आलं नाही, आणि परत विचारायचा मला धीर झाला नाही.

सोमवारी बाईंनी कपाटातून राजनंदिनीचं प्रगतिपत्रक काढलं, तांबड्या शाईनं जुना शेरा खोडला आणि खाली लिहिलं, ‘वरील नोंद चुकीची आहे. विद्यार्थिनीचे उच्चार बरोबर होते. चूक वर्गशिक्षिकेची होती.’ खाली पूर्ण नाव, सही, तारीख. केंद्रप्रमुख म्हणाले, “बाई, दप्तरात असं लिहीत नाहीत.” बाई म्हणाल्या, “मग आधीचं तरी कसं लिहू दिलंत?” त्यांनी कागद मिटून परत दिला. सुकन्या मॅडमनी बाईंच्या परवानगीनं ही हकीकत तालुक्याच्या बैठकीत सांगितली, आणि नंतर केंद्रातल्या शिक्षकांचे कान तपासायला शिबिर घेतलं. मीही तपासून घेतले. माझे चांगले आहेत. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मच्छिंद्र टोळीतल्या एकाची गाडी मागून घेऊन आला आणि राजनंदिनीला रंगुबाईंकडं सोडून गेला. ती शाळेत आली, आणि बस्कर घेऊन आपणहून दाराजवळ बसली. बाई म्हणाल्या, “पुढं ये.” ती म्हणाली, “हितं बरंय.” बाईंनी जबरदस्ती केली नाही. स्वतःच पाट घेऊन दाराजवळ जाऊन बसल्या आणि तिथूनच वर्ग घेतला. महिनाभर हे चाललं. मार्चमध्ये राजनंदिनी दोन ओळी पुढं सरकली. श्रुतलेखनात तिचे शब्द बहुतेक बरोबर येतात. तोंडानं म्हणायला सांगितलं तर अजून थांबते, समोरच्याच्या कानाकडं बघते, मग म्हणते.

या जूनमध्ये पहिलीच्या नव्या पोरांच्या पालकांची सभा झाली. व्हरांड्यात वीस-बावीस माणसं. बाईंनी आधी कानातली दोन्ही मशीनं काढून सगळ्यांना दाखवली. “मला कमी ऐकू येतं,” त्या म्हणाल्या. “पोरगं घरी येऊन म्हणालं की बाईंना आपलं ऐकू आलं नाही, तर त्याला खोटं म्हणू नका. मारू नका. माझ्याकडं या.”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी शिक्षक असं सांगताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एक जण हळूच म्हणाला, “मंग पोरं शिकनार कशी?” 

मागं खांबाला टेकून साळूबाई बसल्या होत्या. नातवाला घेऊन आल्या होत्या, वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी हाताचा पेला कानामागं धरला आणि ओरडून विचारलं, “काय म्हनल्या बाई?”

बाई उठल्या, माणसांमधून वाट काढत त्यांच्याजवळ गेल्या, शेजारी बसल्या, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पहिल्यापासून सगळं परत सांगायला लागल्या.